धोंड्याच्या महिन्यातला उंट

समस्त जावईवर्गास, आणि त्यातही काळ्या सोंगट्या घेऊन पटावर बसणाऱ्या अभागी जिवांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की धोंड्याचा महिना पुन्हा आला आहे. काल आमच्या स्वयंपाकघरात तांदूळ भिजत पडले. तीन दिवस पाणी बदलायचं, मग सुकवायचे, कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. म्हणजे अनारसे निश्चित. अनारसे निश्चित म्हणजे सासुरवाडी निश्चित. कोणीही पळून जाण्याचा प्रयत्न करू नये. मी एकदा करून पाहिला आहे; मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एक कटिंग पिऊन, निमूट केजच्या गाडीत चढलो होतो.

भिजल्या तांदळाला दुसऱ्या दिवशी एक आंबूस वास सुटतो. तो नाकात गेला, की मला अजूनही आधी काळा उंट आठवतो आणि अनारसा मागाहून.

मागचा धोंडा अधिक श्रावणात आला होता. उज्ज्वला, म्हणजे आमची सौभाग्यवती, आईसोबत व्रत करायला महिनाभर माहेरी राहिली. मी बीडला कॉलेजात भूगोल शिकवतो. शनिवारी शेवटचा तास संपला की मी बस धरायचो आणि सोमवारी पहाटे परतायचो. असे चार रविवार झाले. सासुरवाडी केजच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. घर सिमेंटचं, पुढं पत्र्याची शेड, शेडसमोर कापूस आणि कापसावर सदैव कुणीतरी मारत असलेल्या फवाऱ्याचा वास. पत्रा तापला की शेडमधली हवा उकडलेल्या बटाट्यासारखी जड व्हायची. माझी खुर्ची त्या पत्र्याच्या बरोबर मध्यावर, कारण पंखा तिथेच होता आणि पंखा पाहुण्याचा.

अधिकातला जावई म्हणजे साक्षात विष्णू. ऐकायला बरं वाटतं. पण देवाला कुणी हलू देतं का? देवाला स्वतःच्या हातानं पाणी घेता येत नाही, ताटावरून मनानं उठता येत नाही, चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाता येत नाही. पुरण भरलेले धोंडे वाफवून, तुपात बुडवून पानात पडत राहतात, आणि देव 'नको' म्हणाला तर ते भक्तांना ऐकूच येत नाही. सातव्या धोंड्यानंतर मला देवळातल्या मूर्तींबद्दल एक नवाच जिव्हाळा वाटू लागला. त्या हलत नाहीत याचं कारण मला कळलं होतं.

आणि देव हलू शकत नाही हे ओळखून, त्याच्यासमोर स्टूल ओढून, त्यावर बुद्धिबळाचा पट मांडणारे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी केजच्या बसस्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढली. खिडकीत बसून, भोंग्यातून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, पुकारणं राहिलं. जेवायला बसले तरी भाकरी कुठून सुटून कुठं लागली हे गल्लीला कळायचं. पटावरही तेच. "राजाकडचा घोडा सुटत आहे," असं म्हणून ते घोडा उचलायचे आणि तो घरात बसला की समाधानानं स्टूल थोपटायचे.

समोरच्यालाही हाच नियम. चाल करताना मोठ्यानं सांगायची, कोणती सोंगटी, कोणत्या घरात. "न सांगता गाडी फलाटाला लावायची न्हाई," हे मामांचं वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होतो. नियम थोडा विचित्र होता, पण सासुरवाडीतल्या कोणत्या नियमाबद्दल असं म्हणता येणार नाही?

रंगांचा निकाल तर माझ्या पहिल्याच धोंड्याला लागला होता. "जावईबापू, ह्या महिन्यात तुमी विष्णू. विष्णू सावळा. आता सावळ्यानं पांढरं काहून घ्यावं?" यावर शास्त्राधार मागायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी काळा. संच केजच्या बाजारातला, प्लास्टिकचा. त्यातला एक काळा हत्ती कुठंतरी हरवला होता, त्याच्या जागी मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बामची रिकामी डबी ठेवली होती. मी त्या डबीच्या जोरावर लढत असे आणि दर वेळी हरत असे.

हरण्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या वर्षी मात्र वाटायला हवं होतं, कारण त्या वर्षी पटावर मामांचे डोळे पणाला लागले होते.

झालं असं की मामांना मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी पिकलाय म्हणून सांगितलं होतं आणि दिवाळीपर्यंत थांबू नका म्हणूनही सांगितलं होतं. मामा म्हणत, मला सगळं दिसतं. ते त्यांच्या जुन्या स्कूटरवर केजच्या बाजारालाही जात. उन्हाळ्यात त्यांनी ताडपत्री झाकलेल्या एका ट्रॅक्टरला थांबून रामराम घातला, पोरांची चौकशी केली आणि उत्तर न आल्याबद्दल घरी येऊन आठ दिवस त्या माणसावर रुसून राहिले. यावर आम्ही हसलो. मग एके दिवशी ते ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला जाऊन धडकले. गुडघा फुटला, आरसा तुटला. कठडा आधी तिथं नव्हता, असं त्यांचं म्हणणं. ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून बरं. यावर कुणी हसलं नाही.

त्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा फार वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर गेला होता. मामा ते बोलून दाखवत नसत. उज्ज्वलानं विषय काढला की ते उठून स्कूटर पुसायला जात. मामी तर लेकीलाच गप्प करत. "ठणठणीत हायेत त्यांचे डोळे. तू गप बस," एवढं बोलून त्या पुन्हा वाती वळायला लागत.

पहिल्या रविवारी उज्ज्वलानं बापाला पटावरच गाठलं. तेव्हा मामांनी मला वीस चालींत संपवलं होतं आणि ते खुशीत होते. माझ्याकडं बोट दाखवून लेकीला म्हणाले, "ज्याला चौसष्ट घरं दिसतात, त्याला रस्ता दिसत न्हाई व्हय? दिसण्यापायी माझी एक चाल चुकू दे. एकच. सोमवारच्या गाडीनं दवाखान्यात येतो. सोता येतो."

उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता.

सोमवारच्या बसमध्ये मी मोबाइल काढला आणि काळ्यानं कसं जिंकावं याचा शोध सुरू केला. पडद्यावर एक तरुण शिक्षक भेटला. त्याचं म्हणणं, समोरचा माणूस हल्ला करायला आतुर असेल तर फ्रेंच बचाव खेळा. मी भूगोलाचा मास्तर, फ्रान्स नकाशात माहीत, पटावर नाही. बस मांजरसुंब्याच्या घाटात एका ट्रकमागं अडकली आणि मी तेवढ्या वेळात फ्रान्सच्या पहिल्या पाच चाली शिकलो.

प्रकार असा. काळ्यानं आपलं राजापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं, अगदी संकोचानं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्या सुनेसारखं. मग वजिरापुढचं प्यादं दोन घरं. पांढरा खूश होऊन आपलं प्यादं पुढं घुसवतो आणि मधोमध मांडी ठोकून बसतो. आता काळ्याला हलायला जागा नाही. सगळ्यांत हाल वजिराकडच्या उंटाचे. त्याच्या वाटेवर शत्रू कुणीच नसतो. आपलीच दोन प्यादी त्याच्या तोंडापुढं हात धरून उभी असतात. शिक्षक म्हणाला, हा उंट कित्येकदा डावभर तिथंच बसून राहतो, त्याची सवय करून घ्या. पहिल्या दहा चाली गुदमरायचं आणि मग फुटायचं.

मला तो उंट फार जवळचा वाटला. आपल्याच प्रेमळ माणसांच्या मागं, पंख्याखाली, न हलता बसलेला.

आठवडाभर मी फ्रेंच झालो. नकाशात मोसमी वाऱ्यांचे बाण काढता काढता माझा हात तिरका जाऊ लागला. स्टाफरूममध्ये खडूच्या तुकड्यांवर मी डाव मांडायचो, आणि चहावाला कप ठेवायला आला की त्याला माझ्या राजाच्या बाजूनं कप ठेवू देत नसे.

दुसऱ्या रविवारी मी गुदमरण्याचा भाग उत्तम केला. फुटायचं विसरलो. माझी सगळी फौज तीन ओळींत, संध्याकाळच्या जीपमध्ये बसवतात तशी, मांडीवर मांडी. घोड्याला बाहेर पडायचं तर उंट उतरायला हवा, उंटाला उतरायचं तर प्यादं. मामांनी पांढरी प्यादी सावकाश पुढं आणली आणि दार लावून घेतलं. बामची डबी कोपऱ्यातून एकदाही न हलता शहीद झाली.

तिसऱ्या रविवारी मी फुटलो. बाजूच्या प्याद्यानं मध्यावर धडक, वजीर बाहेर, घोडा पुढं. मधलं पांढरं प्यादं मला चक्क फुकटात मिळत होतं. मी ते घोड्यानं मारलं. मामांच्या घोड्यानं माझा घोडा मारला, माझ्या वजिरानं त्यांचा घोडा. एका प्याद्याचा फायदा झाला होता, बीडला पेढे वाटावेत असा. मामा खुर्चीत मागं रेलले. मग भोंग्यातला आवाज काढून त्यांनी पुकारलं, "राजाकडचा उंट सुटत आहे, शह देत आहे." त्यांचा उंट बाजूला उडाला, माझ्या राजाला शह लागला, आणि उंट जिथून उठला होता त्या मोकळ्या वाटेवर त्यांचा वजीर माझ्या वजिराकडं बघत उभा. मी राजा वाचवायचा, त्यांनी माझा वजीर उचलायचा. सगळं त्या हावरट घासापायी. आठवा धोंडाही असाच गोड लागला होता.

त्याच दुपारी दुसरा डाव मांडला. माझ्या डोळ्यांवर झापड आलेली. मी तोंडानं म्हणालो, "कडेचं प्यादं, दोन घरं," आणि हातानं ते एकच घर सरकवलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मामांनी आपलं प्यादं ते मारायला तिरकं नेलं आणि त्यांची बोटं रिकाम्या घरावर माझं प्यादं चाचपू लागली. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. शेजारी मामी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता, वातीशीच बोलल्यासारखं म्हटलं, "एकच घर गेलंय ते."

"व्हय, व्हय, बघतोय की," मामा म्हणाले, आणि त्यांचा हात मागं आला.

माझी झापड उतरली. मी गप्प राहून डाव हरलो आणि हरता हरता पाहत राहिलो. मामा पटाकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं कान देऊन बसले होते. मी चाल सांगितली की ती त्यांच्या डोक्यातल्या पटावर व्हायची. मी सांगायला विसरलो की मामी विचारायच्या, "जावईबापू, काय चाललात?" आणि मला वाटायचं, म्हातारीला खेळात गोडी आहे. चाळीस वर्षं शेजारी बसून मामी अख्खा खेळ शिकल्या होत्या. न सांगता गाडी फलाटाला लावायची नाही, या जुन्या नियमाचा नवा उपयोग आत्ता कुठं मला दिसत होता.

सोमवारी पहाटे फाट्यावर सोडायला आलेल्या उज्ज्वलाला मी हे सांगितलं. समोरून एक उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आईलाबी भ्या वाटतंय. काकाचा डोळा तिनंच धुतला होता रोज." बस आली तेव्हा मात्र तिचं ठरलं होतं. मी पुढच्या रविवारी एक चाल न सांगता करायची. त्या वेळेला आई शेडमध्ये नसेल, हे तिच्याकडं लागलं.

चौथा रविवार. अनारशांचा दिवस, जावयाच्या वाणाला तेहेतीस लागतात. आत कढई चढलेली, तुपाचा वास शेडभर. मामींनी पीठ लेकीच्या हवाली केलं होतं आणि त्या नेहमीच्या जागी, मामांच्या डाव्या हाताला, वाती घेऊन बसल्या होत्या. मी फ्रेंच मांडलं. सुनेचं पाऊल. मग दोन घरं. मामांचं प्यादं मध्यात येऊन बसलं. बाजूची धडक, घोडा, वजीर, सगळं तिसऱ्या रविवारसारखं, अक्षर न अक्षर, आणि प्रत्येक चाल मी खणखणीत आवाजात सांगितली. मध्यावरचं प्यादं पुन्हा माझ्यापुढं वाढलेलं होतं. मामांच्या ओठांच्या कडेला हसू जमायला लागलं. जावई पुन्हा त्याच ताटावर बसला होता.

पण आठवडाभरात तो पडद्यावरचा शिक्षक मला सांगून चुकला होता की घास घ्यायच्या आधी एक चाल करायची असते. कोंडलेल्या उंटाला एकच घर पुढं सरकवून राजाच्या तिरक्या वाटेवर उभं करायचं. एवढंच. मग शह बसत नाही.

"आई," आतून उज्ज्वला ओरडली, "अनारसा हसला गं!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अनारसा हसतो म्हणजे तुपात पडल्याबरोबर फुटून कढईभर पांगतो. आणि तेहेतिसातला अनारसा हसला तर कोणतीही सासू जागेवर बसून राहत नाही. मामी वाती मांडीवरून झटकून आत धावल्या.

मी उंट उचलला, एक घर तिरका ठेवला. आवाज केला नाही. "चाललो, मामा," मी म्हणालो.

शेडमध्ये पंख्याची कुरकुर तेवढी राहिली. मामा थांबले होते. चाल सांगितली जाण्याची वाट बघत त्यांनी मान थोडी कलती केली. मग डाव्या बाजूला, जिथं मामी असायच्या, तिकडं वळवली. तिथं वाती होत्या. 'काय चाललात' असं त्यांना विचारता येत होतं. पण पट समोर मांडलेला असताना डोळसाला विचारायची गरज काय? ते पटावर वाकले. नाक सोंगट्यांना लागेल इतके वाकले. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्यांच्या हाताला स्टूलची कडा सापडली आणि त्यांनी ती घट्ट धरली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला सगळं ओरडून सांगावंसं वाटलं. माझ्या घशापर्यंत 'उंट' आला होता. मी तोंड उघडलंही. मग पुलाचा तो कठडा आठवला आणि मी तोंड मिटून पाणी प्यालो. स्वतःच्या हातानं घेऊन प्यालो. देवाचं देवपण तिथंच संपलं.

"हं," मामा सरळ होत म्हणाले, "बरोबर चाललात." आणि त्यांनी राजाला हत्तीच्या आड कोपऱ्यात नेऊन किल्ला केला.

आता मी घास घेतला, तोही पुकारून. घोड्यानं मधलं प्यादं मारलं. मामांचा चेहरा उजळला, कारण हा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. त्यांच्या घोड्यानं माझा घोडा मारला. माझ्या वजिरानं त्यांचा घोडा. मामा रेलले. मामी अनारशांचं ताट घेऊन दारात आल्या आणि चौकटीतच थांबल्या. मामांनी एक लांब श्वास घेतला आणि तीस वर्षांचा सगळा बसस्टँड गळ्यात आणून पुकारलं, "राजाकडचा उंट सुटत आहे, शह देत आहे, जावईबापूंचा वजीर उतरवून घ्यावा!" आणि उंट बाजूला ठेवून, माझी चाल व्हायच्या आतच त्यांचा हात माझ्या वजिराकडं निघाला.

पुढचं मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या घरात शेवटचा शब्द माझा कधीच नसतो. सोमवारच्या गाडीनं मामा दवाखान्यात गेले. सोता गेले. खिडकीशी बसले, आणि वाटेत लागणारं प्रत्येक गाव भीती घालवायला मोठ्यानं पुकारत गेले. आधी एक डोळा झाला, दिवाळीनंतर दुसरा. पट्टी सुटल्यावर पट मागवला, कोपऱ्यातली सोंगटी उचलून बारकाईनं न्याहाळली आणि ही बामची डबी इथं कवापासून हाय, म्हणून घर डोक्यावर घेतलं. दिसायला लागल्यापासून ते माझ्याशी अधूनमधून हरतात. आता बघतात ना, ऐकत नाहीत. यंदा, ऐकतो, पांढऱ्या घेऊन समोर मामी बसणार आहेत. म्हणून मी पुन्हा फ्रेंचचा अभ्यास काढलाय.

पण त्या रविवारी, मामांची बोटं माझ्या वजिरापासून बोटभर अंतरावर होती. माझ्या राजापुढं तो काळा उंट, डावात फक्त एक घर चाललेला, मुकाट उभा होता. शह नव्हताच. उज्ज्वला उलथणं हातात घेऊन आईच्या मागं आली होती. मामींनी पट पाहिला, नवऱ्याचा हात पाहिला. त्यांच्या हातातलं ताट कललं, दोन अनारसे घरंगळून खाली गेले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अवो, शह कशाचा, मधी उंट उभा हाय की! मी चुलीपाशी गेलते, तर थांबायचं, मी येईस्तोवर!"